समजूतदार लिफ्ट

माझ्या मुलीबद्दलची एक काळजी काही केल्या माझा पिच्छा सोडत नाही. ती जिथे जाते तिथे तिला पाहून कुणाला आनंद होत नाही. पोस्टमन आला तर लोक हसून दार उघडतात, नळ दुरुस्त करणारा आला तर त्याला चहा मिळतो. माझी मुलगी दारात उभी राहिली की लोक आधी तिच्या हातातल्या फाइलकडे बघतात, मग एकमेकांकडे, आणि कुणीतरी म्हणतंच, "आज? आजच यायचं होतं का?"

ती लिफ्ट इन्स्पेक्टर आहे. शहरातल्या लिफ्ट तपासायच्या, ठीक असतील तर तसं लिहून द्यायचं, नसतील तर बंद करायच्या, हे तिचं काम. ती पडेल, अडकेल, चेंगरेल या काळज्या मी पहिल्या दोन वर्षांतच करून संपवल्या. आता ही एक उरली आहे आणि ती सगळ्यांत चिवट आहे. पोरगी आमच्यापासून पाच तासांवर, परक्या शहरात, एका खोलीत राहते. दिवसभर नकोशा पाहुण्यासारखं दारोदार हिंडायचं आणि संध्याकाळी रिकाम्या खोलीचं कुलूप उघडायचं. हे म्हणतात, "अगं, तिला काही वाटत नाही, तुलाच वाटतं." पण ह्यांना काय, चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधताना सुद्धा ह्यांना काही वाटत नाही.

लहानपणी आम्ही तिला पिटुकली म्हणायचो. आता ती जुन्या घरांच्या चौकटीखालून वाकून जाते, तरी माझी ताई तिला पिटुकलीच म्हणायची. परवापरवापर्यंत.

हट्टी ती आधीपासूनच. शाळेत पहिल्याच आठवड्यात बाईंनी सांगितलं, "त्या खिडकीजवळ जाऊ नका, तिचा एक गज सैल आहे." हिने मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून वर्गातल्या सगळ्या खिडक्यांचे सगळे गज हलवून पाहिले आणि बाईंना जाऊन सांगितलं, "एक नाही, तीन सैल आहेत." बाईंनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं कौतुक करतील. त्या म्हणाल्या, "मुलीला जरा समजूतदारपणा शिकवा."

ती माझ्यावर गेली आहे असं हे म्हणतात, कारण मी झोपण्याआधी गॅस चार वेळा बघते. मी एकदा तिला तसं म्हटलं, तर हसली. "आई, फरक आहे. तू काळजी करतेस, मी तपासते. माझं तपासून संपतं."

तिचं काम मी एकदा डोळ्यांनी पाहिलं आहे. तिच्याकडे राहायला गेले होते आणि मागे लागले, मलाही ने. एका नऊ मजली ऑफिसच्या इमारतीत गेलो. मला तिने सगळ्यांत वरच्या, लिफ्टचं यंत्र असलेल्या खोलीत एका स्टुलावर बसवलं आणि बजावलं, "कशाला हात लावायचा नाही, आणि मला हाका मारायच्या नाहीत." खोलीत ग्रीसचा वास आणि मधोमध एवढं मोठं चाक. तिने पिशवीतून एक सुती फडकं काढलं आणि लिफ्ट अगदी हळू चालवायला सांगून ते फडकं लिफ्टच्या दोरावरून सरकू दिलं. दोर म्हणजे लोखंडी तारांचा पीळ. आतली एखादी तार तुटून वर आली असेल तर ती डोळ्यांना दिसत नाही, पण फडक्याचा धागा अडकतो. जिथे धागा अडकेल तिथे थांबायचं, खडूने खूण करायची आणि तुटलेल्या तारा मोजायच्या. मी कौतुकाने बघत होते, तेवढ्यात माझं लक्ष फडक्यावरच्या निळ्या फुलांकडे गेलं. माझा उशीचा अभ्रा! नवाकोरा नव्हता, पण त्याची जोडी अजून माझ्या कपाटात आहे.

मग ती लिफ्टच्या टपावर उभी राहून खाली गेली. मी डोळे मिटून घेतले. कानांवर फक्त तिचा आवाज येत होता: "थांबव. पुन्हा. थांबव. पुन्हा." प्रत्येक मजल्यावर लिफ्ट नसताना बाहेरचं दार उघडतं का, हे ती हाताने ओढून बघते. ते उघडता कामा नये. एकदा बघून भागत नाही, तीन वेळा बघते. मेकॅनिक लोक तिला मागे 'पुन्हाबाई' म्हणतात. तिला माहीत आहे. तिला आवडतंही.

शेवटी ती तळाच्या खड्ड्यात उतरली. लिफ्टच्या फटीतून पडलेलं सगळं तिथे साठतं. ती वर आली तेव्हा तिच्या हातात दोन किल्ल्या, एक चमचा, एक कानातलं आणि चक्क कवळी होती. खालच्या वरच्या दातांची अख्खी. "ही कुणाची?" असं तिने रिसेप्शनवर विचारलं तेव्हा तिथल्या बाईंनी इतक्या झटकन तोंडावर हात ठेवला की मला शंका आली. पण त्या फक्त हसत होत्या.

तर अशी ही मुलगी. तिला दोन वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतला एक मुलगा चहाला भेटला. हॉटेल अकराव्या मजल्यावर होतं. लिफ्टमध्ये दोघंच होते, आणि हिने सवयीने धोक्याच्या घंटेचं बटण दाबून पाहिलं. घंटा वाजली नाही. मग हिने पुन्हा दाबलं. मग लिफ्ट मधेच थांबवून मदतीचा फोन लागतो का ते बघितलं. तोही लागला नाही. मुलगा घाम पुसत खाली बसला. नंतर त्याने कळवलं, मुलगी चांगली आहे, पण ती माझ्यापेक्षा लिफ्टशी जास्त बोलली. मी चार दिवस जेवले नाही. तिने हॉटेलला नोटीस पाठवली.

त्या शहरात तिच्यासाठी हसून उघडणारं एकच दार होतं, ते माझ्या ताईचं. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, गणिताची निवृत्त शिक्षिका, सहाव्या मजल्यावर एकटी राहते. तिचे गुडघे कामातून गेलेत. मी अठ्ठावन्न वर्षांची झाले तरी मला ती 'बारके' म्हणते आणि मी अजून तिच्यासमोर उलट बोललेली नाही. दर रविवारी पिटुकली तिच्याकडे जेवायला जायची. रविवारी दुपारी दोघींचा फोन यायचा, मागे भांड्यांचा आवाज, दोघी एकाच वेळी बोलायच्या, आणि तो ऐकला की माझा पुढचा आठवडा बरा जायचा.

दोन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी जेवताना ताई कौतुकाने म्हणाली, "तुमच्या त्या सरकारी लिफ्ट बिघडत असतील, आमची बघ. आधी सारखी रुसायची. दार जरा नीट लागलं नाही की तिसऱ्या मजल्यावर अडून बसायची. मामांनी काहीतरी केलं बाई, आता दार उघडं राहिलं तरी चालते. इतकी समजूतदार झालीय!"

मामा म्हणजे त्यांच्या इमारतीचे वॉचमन. अख्खी इमारत त्यांना मामा म्हणते.

पिटुकलीने हातातला घास ताटात ठेवला. "मावशी, लिफ्टने समजूतदार असून चालत नाही. लिफ्ट हट्टी पाहिजे. दार लागल्याशिवाय जागची हलणार नाही, इतकी हट्टी."

"आधी जेव."

"आले."

ती तिसऱ्या मजल्यावर गेली. लिफ्ट तळाला होती. हिने बाहेरचं जाळीचं दार नुसतं दोन बोटांनी ओढलं, आणि ते सरकलं. समोर लिफ्ट नाही, काही नाही, फक्त काळोखी पोकळी आणि लोंबणारे दोर. त्या दाराचं कुलूप झिजलं होतं. ते लागत नव्हतं, म्हणून लिफ्ट शहाण्यासारखी थांबत होती. मामांनी कुलपाच्या डबीत तारेचा एक तुकडा जोडून तिला पटवलं होतं की दार लागलेलं आहे. लोकांची सोय व्हावी हाच हेतू. लोकांनी त्यांना शाबासकीही दिली होती.

त्याच मजल्यावर एक शिंपीकाका राहतात. शिवलेल्या कपड्यांचा गठ्ठा दोन्ही हातांत घेऊन ते कोपराने दार सरकवतात आणि पाठमोरे आत शिरतात. रोज दोनदा. हे त्यांनी तिला स्वतः करून दाखवायची तयारी दाखवली. तिने त्यांना दंडाला धरून मागे ओढलं.

तिने लिफ्टचा मुख्य स्विच बंद केला, दारांवर कागद चिकटवले आणि सहा जिने चढून वर आली. भात गार झाला होता. नातेवाइकांच्या इमारतीचा निर्णय आपण द्यायचा नाही असा तिच्या ऑफिसचा नियम आहे, म्हणून सोमवारी तिने तिच्या साहेबांना बोलावलं. साहेब निवृत्तीला आलेले, शांत. त्यांनी दार ओढून पाहिलं, खाली पोकळीत वाकून पाहिलं आणि नवं कुलूप बसेपर्यंत लिफ्ट बंद असा शेरा लिहून सही केली. सही करता करता विचारलं म्हणे, "मावशी का तुझी? मग आता जेवणाचं काय?"

साहेबांना जे सोमवारी कळलं ते मला कळायला दोन आठवडे लागले.

मंगळवारी ताईचा मला फोन आला. ती इतकी चिडली होती की तिने 'बारके' सुद्धा म्हटलं नाही. "माझ्या टेबलावर बसून, माझं मीठ खाऊन, माझंच बोलणं पकडलं तुझ्या इन्स्पेक्टरीणबाईंनी! बाकीचे मला येता-जाता ऐकवतात, तुमच्या भाचीची कृपा. आणि शनिवारी माझ्या विद्यार्थ्यांचा मेळावा आहे, तीस वर्षांपूर्वीची तुकडी, मला पहिल्या खुर्चीवर बसवणार होते. मी काय आता दोरीला लटकून उतरू?"

मी तिला म्हटलं, "ताई, तू शांत हो. मी बोलते तिच्याशी. शनिवारपुरती तरी लिफ्ट चालू करून देते. माझं ऐकेल ती."

हे मी का बोलले, मला माहीत नाही. म्हणजे माहीत आहे. ताईसमोर माझ्या तोंडून आजवर 'नाही' निघालेलं नाही. मी लगेच मुलीला फोन लावला. "बाळा, एक दिवस. शनिवार संध्याकाळ फक्त. मामा दारापाशी उभे राहतील. थोडं समजूतदारपणे घे ना."

ती म्हणाली, "आई, बाकी सगळे म्हणतात ते ठीक आहे. तू पण?" आणि वर, अगदी साध्या आवाजात, "आणि माझ्या वतीने तू मावशीला शब्द देऊन बसलीस?"

तेव्हापासून तिचा फोन येतो. रोज येतो. जेवले, आले, झोपते. तपासणीच्या फॉर्मसारखा, सगळे रकाने भरलेला.

ताईने माझा फोन उचलणं बंद केलं. गेला रविवार रिकामा गेला. पोरगी कुठे जेवली विचारलं तर "खोलीवर, ब्रेड-अंडं" म्हणाली. माझ्या डोळ्यांसमोर ती उंच पोर, ते एक टेबल आणि ते अंडं.

आज संध्याकाळी मी पुन्हा ताईला फोन केला, आणि तो उचलला मामांनी. ताईचा दूधवाला सहा जिने चढायला तयार नाही, म्हणून ते दूध घेऊन वर आले होते आणि ताई आंघोळीला गेली होती. मी ओळख दिली तर मामा आधी दचकले, मग खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, तुमच्यावर माझा राग नाही. तुमच्या मुलीवर पण नाही. त्यांनी मला त्या दारात उभं केलं, आत बघा म्हणाल्या. मी बघितलं. मला रात्रभर शिंपीकाका दिसले."

मग ते सांगू लागले.

पिटुकली रोज ऑफिस सुटल्यावर तिथे जाते. सहा जिने चढते, भाजीची पिशवी ताईच्या दाराला अडकवते, घंटा वाजवते आणि उतरून जाते. ती गेल्याशिवाय ताई दार उघडत नाही. पण तिसऱ्या दिवशी रिकाम्या पिशवीत ताईची चिठ्ठी निघाली. "टोमॅटो पिचलेले होते. बटाटे लहान आणावेत. नजर कुठे असते?" दुसऱ्या दिवशीच्या पिशवीत उत्तर. "बटाटे: एक किलो. लहान. एकेक तपासले. एका बटाट्यास डोळा आढळला, तो काढण्यात आला." त्याखाली ताईने लाल पेनाने शुद्धलेखन सुधारून पिशवी परत ठेवली.

"रोज चालतं हे," मामा म्हणाले. "मी वाचतो. वाचू नये, पण वाचतो. काल बाईंनी लिहिलं होतं, अंडी खात असशील नुसती, तब्येत बघ. आणि डब्यात शिरा."

"आणि मेळाव्याचं काय झालं?" मी विचारलं. "ताईला खुर्चीत बसवून उतरवता आलं असतं ना?"

"आम्ही चौघं तयार होतो. त्या म्हणाल्या, मी काय कपाट आहे का? मग मेळावाच वर आला. पन्नाशीला आलेली चाळीस माणसं सहा जिने चढून आली. कुणी चौथ्या मजल्यावर बसलं, एकाला मीच पाणी दिलं. बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, ही तुकडी आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर गप्प बसलीय. आवाज निघत नव्हता कुणाचा, दम लागल्यामुळे! मग काय हसले सगळे. रात्री दहापर्यंत चाललं."

"कुणाची कल्पना ही?"

मामांनी आवाज आणखी खाली आणला. "कुणाला सांगू नका म्हणाल्यात मला. पण तुम्ही आई. तुमच्या मुलीनेच त्या मेळाव्याच्या लोकांना शोधून काढलं. आणि एकेका मजल्यावर बसायला खुर्च्या मागून घेतल्या, शिंपीकाकांकडून दोन. स्वतः खाली रस्त्यापलीकडे उभ्या होत्या. वर आल्या नाहीत. मी म्हटलं चला, तर म्हणाल्या, आज त्यांचा दिवस आहे, मला बघून मूड जायला नको."

तेवढ्यात मागून ताईचा आवाज आला, "मामा, कोण आहे?" आणि मामांनी गडबडीत फोन ठेवून दिला.

कुलूप यायला अजून दहा दिवस आहेत. तोवर दोघी चिठ्ठ्या लिहीत बसतील. ताई स्वतःहून दार उघडणार नाही, तिचं शिक्षिकेचं रक्त आहे. पोरगी घंटा वाजवून उभी राहणार नाही, तिला वाटतं उभं राहिलं तर तो दबाव होईल. आणि दोघींच्या मधे मी माझा शब्द ठेवून दिला आहे. लिफ्ट चालू करून देते म्हणाले होते. ताई अजून त्या शब्दावर अडून असेल, की बारकीचंही ऐकत नाही ही मुलगी. तो मी आजतागायत परत घेतलेला नाही. मुलीची बाजू घेऊन एक वाक्य मी ताईला बोललेले नाही. काळजी मात्र रोज केली, भरपूर.

उद्या रविवार आहे.

आधी वाटलं, मुलीला फोन करावा, माफी मागावी. तीही मागेन. पण तिला माझी माफी काय कामाची, तिला जेवायला बसायला टेबल हवंय, आणि समोर बडबडणारं माणूस. ते माझ्याकडे नाही, ताईकडे आहे.

ह्यांना विचारलं तर झोपेत म्हणाले, "सकाळी कर." सकाळी माझा धीर राहणार नाही, मला मी माहीत आहे. सकाळी मी गॅस पाचव्यांदा बघेन आणि विषय हवामानाकडे नेईन. ताई या वेळी जागी असते. अंथरुणात पडून गणिताची कोडी सोडवते आणि फोन उशाशी असतो. दोन वेळा वाजून उचलला नाही तर तिसऱ्यांदा लावायचा.

ती 'हॅलो' म्हणण्याआधीच सांगायचं आहे, नाहीतर तिच्या 'हॅलो'ने माझी बोलती बंद होते. म्हणून वाक्य इथे लिहून ठेवते, समोर धरून वाचेन. "ताई, लिफ्टचं मी चुकीचं बोलले होते, पोरीचं बरोबर आहे. मेळावा तुझ्या घरी कुणी आणला ते तुला माहीत नाही, ते मी सांगणार आहे, आणि मग उद्या ती घंटा वाजवेल तेव्हा तू दार उघडायचं आहेस."

'आहेस' वर जोर द्यायचा.

लावते.